कूलरची मोटर आणि काळी काच: धुळ्यातल्या घोटाईच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४

दगड आले. खंबातच्या एका व्यापाऱ्याकडून दोन किलो ऑब्सिडियन मागवलं होतं, मूळ माल मेक्सिकोचा. खोक्यात कागदात गुंडाळलेली अकरा ढेकळं निघाली. सगळ्यात मोठं मोसंबीएवढं. आठ निव्वळ काळी, आणि तीन काळ्यावर राखाडी-पांढऱ्या ठिपक्यांची, काळ्या शेतात कापूस फुटल्यासारखी.

आबांनी एक ढेकूळ उचलून खिडकीशी धरलं. जिथे कड पातळ होती तिथून धुरकट तपकिरी उजेड आत आला. ते म्हणाले, "हाई काच शे, दगड नही." आबांचं सगळं आयुष्य आग्रा रोडवर चष्म्याच्या काचा घासण्यात गेलं. चष्म्याला खरी काच होती तोवरच ते काम चाललं, प्लॅस्टिकची भिंगं आली आणि बंद पडलं. त्यामुळे काचेबद्दल त्यांचा शब्द मी वादाशिवाय घेतो. आणि ते बरोबरच आहेत. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतून आलेला रस इतक्या लवकर थिजला की त्यात स्फटिक धरायला वेळच मिळाला नाही. सत्तर टक्क्यांच्या वर सिलिका, बाकी थोडं ॲल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम, लोह. काळा रंग आतल्या अतिसूक्ष्म लोहकणांचा.

तयार टंबलर, म्हणजे दगड डब्यात फिरवत ठेवून घोटणारं यंत्र, बाहेरून मागवायचा तर दगडांच्या कितीतरी पट खर्च. म्हणून घरीच करायचं ठरलं. मोटर कूलरची. थंडीत कूलर गच्चीवर झाकून पडलेला असतो. आईने एका अटीवर मोटर दिली: होळीच्या आत ती परत कूलरमध्ये बसलेली हवी.

७ डिसेंबर

यंत्र तयार झालं. पुढे कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून मापं लिहून ठेवतो.

डबा: चार इंची पीव्हीसी पाइप, बाहेरून ११० मिमी, लांबी २०० मिमी. एका तोंडाला एंड कॅप सोल्युशनने कायमची चिकटवली, दुसऱ्या तोंडाला आट्यांचं झाकण आणि रबरी वायसर. आतून ट्रकच्या ट्यूबचं अस्तर. ट्यूब पंक्चरवाल्याकडून घेतली, पंक्चरच्याच सोल्युशनने चिकटवली. अस्तर लावल्यावर आत साधारण १.४ लिटर जागा उरली. अस्तराशिवाय चालवून पाहिलं होतं, तर खडखडाट शेजारच्या दोन घरांपर्यंत गेला. थंडी कडाक्याची असल्यामुळे सोल्युशन वाळायलाही वेळ लागला. दोन दिवस डबा दुपारच्या उन्हात ठेवावा लागला.

चौकट: प्लायवूडवर चार बेअरिंग, त्यात १२ मिमीचे दोन गज, गजांवर बागेच्या नळीचे तुकडे चढवलेले. नळीसकट जाडी २० मिमी. डबा त्या दोन गजांवर आडवा लोळतो.

वेग: मोटरच्या पाटीवर मिनिटाला १३५० फेरे. मोटरला दीड इंची पुली, गजाला आठ इंची. म्हणजे गज २५३ फेरे, आणि डबा त्याच्या साडेपाच पट जाड असल्याने ४६ फेरे. डब्यावर खडूची खूण करून घड्याळ लावून मोजले तर ४४ भरले. थोडा पट्टा घसरतो.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. कूलरची मोटर स्वतःच्याच पंख्याच्या वाऱ्यावर थंड राहते. पाती काढली की ती तापते. तासाभरात हात लावता येईना. जुना टेबल पंखा समोर ठेवून सोय केली.

१० डिसेंबर

ढेकळं फोडली. जाड गोणपाटात गुंडाळून, वरून हातोडा. डोळ्यांना गॉगल, हातात चामड्याचे मोजे. हे दोन्ही नसतील तर हे काम करूच नये. ऑब्सिडियनची ताजी कड ब्लेडपेक्षा बारीक असते, कापल्याचं कळत नाही, रक्त दिसल्यावर कळतं. चुरा झाडूने न गोळा करता ओल्या फडक्याने टिपून घेतला.

फुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारखी वलयं उमटतात. ही वलयं मला ओळखीची आहेत. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं, तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि दगडाची बारीक पाती मिळाली. पाती गारगोटीच्या जातीच्या दगडांची, कॅल्सिडोनी आणि जास्परची. ऑब्सिडियन आपल्याकडे नव्हतं, पण फोडण्याची रीत तीच, कारण दोन्ही दगड तसेच वलयं घेत फुटतात. हातोडा मारताना एक तुकडा आपसूक लांब, पातळ, दोन्हीकडे धार असलेला निघाला. तो डब्यात टाकला नाही. वेगळा ठेवलाय.

१२ डिसेंबर

सुरुवात. ६०० ग्रॅम ऑब्सिडियन. मोठ्या तुकड्यांच्या मधल्या फटी भरायला बारीक काहीतरी लागतं, म्हणून पांझरेच्या पात्रातून, एकवीरा देवीच्या मंदिराच्या खालच्या अंगाला वेचलेल्या गारगोट्या, २५० ग्रॅम. ६०/९० नंबरचं कार्बोरंडम, म्हणजे घासायची कठीण पावडर, चार चमचे; नंबर जितका लहान तितके कण भरड. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खाली राहील इतकं. डबा अर्ध्यापेक्षा थोडा कमीच भरला.

संध्याकाळी सहाला चालू केला. मागच्या पडवीत ठेवलाय, खाली गोणपाट.

१७ डिसेंबर

पाच दिवसांनी उघडला आणि पोटात गोळा आला.

काठ गोल होण्याऐवजी तुटलेत. प्रत्येक तुकड्याच्या कडेला आणि पाठीवर पांढरे डाग, नखाच्या चंद्रकोरीएवढे, काही ठिकाणी एकावर एक. काळा दगड पिठात लोळवल्यासारखा दिसतोय. धुतलं, ब्रशने घासलं, डाग जात नाहीत. पाण्यात असताना दिसत नाहीत आणि वाळलं की परत वर येतात.

गारगोट्यांना मात्र काहीच झालेलं नाही. उलट छान गुळगुळीत झाल्यात.

आबांनी भिंग लावून एक तुकडा बराच वेळ पाहिला. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत: काचेवर कठीण वस्तू आदळली की वरवर खरचटत नाही, आत तडा जातो, छोट्या उलट्या द्रोणासारखा. त्या तड्यात उजेड विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. डाग वर दिसतो पण मुळं खाली असतात. तो पुसून जाणार नाही, तेवढ्या खोलीपर्यंत सगळी काच झिजवावी लागेल.

"तिले ठोकू नको, घस," एवढं बोलून त्यांनी भिंग खिशात घातलं.

१९ डिसेंबर

दोन दिवस यंत्र बंद. चूक कुठे झाली ते शोधत होतो. एक नाही, तीन निघाल्या, आणि तिन्हींचा परिणाम एकच: दगड घासले गेले नाहीत, आपटले गेले.

पहिली चूक गारगोट्या. दगडांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोहसच्या मोजपट्टीवर ऑब्सिडियन पाच ते साडेपाच, गारगोटी साडेसहा ते सात. डब्यात कठीण दगड मऊ दगडाला मारतो, स्वतःला काही होत नाही. नदीतले गोटे पाहून मला वाटलं होतं की निसर्ग सगळे दगड एकत्र घोळवतोच. पण पांझरेत ऑब्सिडियन नाही. तिथे काच असती तर तिचा केव्हाच चुरा झाला असता.

दुसरी चूक, अर्धा रिकामा डबा. भरलेल्या डब्यात दगड उतारावरून घसरतात. रिकाम्या डब्यात ते वरून खाली पडतात.

तिसरी, वेग. गारगोटीसाठी ४४ फेरे चालतील, काचेला जास्त आहेत.

२२ डिसेंबर

जळगावला जाऊन आलो. दोन कामं केली.

सराफ बाजारात दागिने घोटणाऱ्या एका कारागिराकडे सिरॅमिकचे छोटे तुकडे मिळाले, तांदळाच्या दाण्यापासून वालाएवढे. ते लोक हेच घोटाईच्या यंत्रात वापरतात. दुसरं, प्लॅस्टिकचा दाणा. जळगावात चटया आणि पाइपांचे कारखाने इतके आहेत की दाणा म्हटलं की लोकांना प्लॅस्टिकचाच आठवतो. दोन किलो घेतला, पांढरा, मसूर डाळीएवढा. हा दगडांमध्ये गादीसारखा बसतो.

येताना लोखंडी दुकानातून बारा इंची पुली आणि लांब पट्टा. आता हिशेब: गज १६९ फेरे, डबा साधारण ३१. मोजले तर २९.

२४ डिसेंबर

पुन्हा पहिल्यापासून. डाग पडलेले तुकडे टाकून दिले नाहीत. तेच परत आणि शिवाय नवे, मिळून ९६० ग्रॅम, ४३ नग. एवढे ठासून भरले आणि फटींत सिरॅमिकचे तुकडे, वरून दोन मुठी दाणा. डबा पाऊण भरला. ६०/९० कार्बोरंडम पाच चमचे. पाण्यात दोन चमचे साखर विरघळवली, त्याने पाणी आणि पावडरीची रबडी दाटसर होते आणि दगड एकमेकांवर हलक्या हाताने येतात.

दाण्याचा एक त्रास आहे. तो पाण्यावर तरंगतो. पाणी जास्त झालं तर सगळा दाणा वर आणि सगळे दगड खाली, गादीचा उपयोग शून्य. म्हणून पाणी नेहमीपेक्षा कमी घातलं. एका दिवसात काचेचा चुरा मिसळून रबडी घट्ट होते, मग दाणा त्यात अडकून राहतो.

आवाजच बदललाय. आधी खडखड होती, आता पावसाळ्यात ओल्या वाळूत पाय ओढत चालावं तशी सर्र सर्र. आबा पडवीत येऊन मिनिटभर ऐकून गेले, काही बोलले नाहीत.

२९ डिसेंबर

पाच दिवस झाले. झाकण उघडताना फस्स करून हवा सुटली. आत दाब साठतो, म्हणून आता रोज संध्याकाळी एकदा झाकण सैल करायचं.

नवे डाग नाहीत. जुने फिके झालेत. कडा गोल व्हायला लागल्या. रबडी काळसर राखाडी, घट्ट, बोटांत कण लागेनासे झालेत, म्हणजे कार्बोरंडम झिजलं. नवं घातलं.

५ जानेवारी २०२५

काल रात्री अकराला लाइट गेली ती सकाळी सातला आली. मी झोपलो होतो, लाइट आली आणि मोटर आपोआप सुरू झाली. डबा फिरेना, नुसता पट्टा घसरत होता. उघडून पाहिलं तर रबडी खाली बसून घट्ट थर झालेला आणि दगड त्यात रुतलेले. काठीने सोडवले, थोडं पाणी घातलं, हाताने डबा वीस-पंचवीस वेळा फिरवला, मग चालू केला. पट्ट्याला एका जागी काळं पडलंय. रात्री झोपताना आता मोटरला टायमर स्विच, लाइट गेली की परत हाताने लावल्याशिवाय चालू व्हायचा नाही.

११ जानेवारी

भरड घासाई संपली. अठरा दिवस, तीन वेळा कार्बोरंडम. ९६० चे ७१५ ग्रॅम झाले. पाव भाग चिखल झाला, आणि त्यातला बराचसा माझ्या पहिल्या पाच दिवसांच्या डागांपोटी गेला.

आबांचा नियम: आधीच्या नंबरचा एकही खड्डा उरला असेल तर पुढचा नंबर लावायचा नाही. प्रत्येक तुकडा वाळवून, भिंगाखाली, खिडकीच्या तिरप्या उजेडात तपासला. ओल्या दगडावर निर्णय घ्यायचा नाही. ओला असताना सगळेच सुंदर दिसतात. ४३ पैकी तिघांना आत तडे निघाले. ते बाहेर काढले. चालू ठेवले असते तर मध्येच फुटून त्यांच्या धारदार कडांनी बाकीच्यांना ओरखडे आले असते. उरले ४० नग, ६७७ ग्रॅम.

चिखल मोरीत ओतला नाही. तो पाइपात बसला तर सिमेंट होतो. बादलीत रात्रभर ठेवला, वरचं पाणी झाडांपासून दूर ओतलं, खालचा गाळ परसात खड्ड्यात पुरला. ओला असेपर्यंत त्याला हात लावायचा. वाळल्यावर त्याची धूळ उडू द्यायची नाही, फुप्फुसाला ती वाईट.

धुणं हे या कामातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि मला ते आवडायला लागलंय. डबा, झाकण, दगड, तिन्ही वेगवेगळ्या बादल्यांत. टूथब्रश. शेवटी दगड बोटांत घेऊन कानाशी चोळायचे. चर्र आवाज आला की परत धुवा. या टप्प्याचा दाणा आणि सिरॅमिक पिशवीत घालून वर मोठ्या अक्षरात '६०' लिहिलं. ती पिशवी पुढच्या टप्प्यांजवळ फिरकूसुद्धा द्यायची नाही.

१२० / २२० नंबर सुरू.

२० जानेवारी

१२०/२२० आठवड्यात झालं. ६४८ ग्रॅम. पृष्ठभाग आता एकसारखा मंद, पाटीसारखा राखाडी. जुने डाग तीन नगांवर राहिलेत, खोल होते. हे तीन पुन्हा मागे न्यावे का यावर विचार केला, आणि नेले नाहीत. राहू दे, ओळखीसाठी.

५०० नंबर सुरू.

२६ जानेवारी

सुट्टी. यंत्र आपलं काम करतंय म्हणून मोटारसायकलवर साक्री रस्त्याने निघालो. मित्र बरोबर होता. त्याला डाइक, म्हणजे लाव्हाच्या दगडी भिंती, दाखवायचे होते.

या भागात राहून आपण ते रोज पाहतो आणि पाहत नाही. सपाट शेतांच्या मधून काळ्या दगडाची टेकडीवजा भिंत निघते आणि साधारण पूर्व-पश्चिम सरळ जात राहते, काही कित्येक किलोमीटर सलग. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अशा भिंतींचा मोठा समूहच आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीच्या भेगांमध्ये शिरला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, ही भिंत कठीण म्हणून उरली.

मित्राने विचारलं तो प्रश्न मला अपेक्षित होता: सगळीकडे ज्वालामुखीचाच दगड आहे, मग मेक्सिकोहून कशाला मागवलास? उत्तर त्याला भिंतीच्या कडेपाशी नेऊन दिलं. डाइकच्या मध्यभागी दगडाचे कण डोळ्यांना दिसतात. कडेला, जिथे तप्त रस थंड खडकाला टेकला, तिथे तो इतका बारीक आणि काळा आहे की कण दिसतच नाहीत. तिथे तो लवकर थिजला. काच होण्याच्या सगळ्यात जवळ आपला दगड जातो तो इथे. तरीही तो काच नाही. कारण आपल्या या काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये, सिलिका सुमारे पन्नास टक्केच, म्हणून तो रस पातळ, वाहता. पातळ रसात अणूंना हलायला मोकळीक असते, ते लगेच स्फटिकात रांग धरतात. ऑब्सिडियनचा रस काकवीहून कितीतरी पट घट्ट, त्यात अणू जिथल्या तिथे अडकतात. शिवाय काच कायमची टिकत नाही. लाखो-कोटी वर्षांत ती पाणी शोषते, हळूहळू तिच्यात स्फटिक धरतात. दख्खनच्या वेळी इथे कुठे थोडीफार काच झालीही असेल, ती एवढ्या काळात काच राहणं कठीण.

माझ्याकडचे ठिपकेवाले तीन दगड तेच दाखवतात. ते पांढरे ठिपके म्हणजे काचेत धरलेले क्रिस्टोबलाइट या सिलिकेच्या खनिजाचे स्फटिक. काच मोडायला लागल्याची सुरुवात.

मित्राने कडेचा एक लहान तुकडा उचलला. घरी येऊन ५०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्यात घासला. छान काळा झाला, पण मंद. आरसा होत नाही.

२९ जानेवारी

५०० संपलं. ६४० ग्रॅम. भिंगाखाली खड्डे नाहीत, एकसारखं धुकं. तुकडा तिरपा धरला की ट्यूबलाइटची पांढरी पट्टी त्यात अंधुक दिसते, कडा विस्कटलेल्या.

३० जानेवारी

सेरियम ऑक्साइड, काचेला शेवटची चमक देणारी पावडर. आबांच्या जुन्या कपाटात एक डबा निघाला, आत गुलाबीसर पावडरीचे खडे झालेले. आबा सांगत होते की त्यांनी काम शिकलं तेव्हा लाल रूज वापरायचे, लोखंडाच्या गंजासारखी पावडर, हात-कपडे सगळे लाल. सेरियम आलं आणि एका काचेचा वेळ निम्म्यावर आला. सेरियम काचेला नुसतं घासत नाही, पाण्याच्या सोबतीने काचेच्या वरच्या थराशी रासायनिक जवळीक करून तो थर अलगद उचलून नेतं. म्हणून काचेला ते विशेष लागू पडतं.

जुनी पावडर घ्यावी की नाही, शंका होती. आबांनी चिमूटभर पावडर पाण्यात कालवून दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवली आणि कानाजवळ धरून हळू चोळली. किरकिर नाही. पट्ट्यांवर ओरखडा नाही. मग सगळी पावडर मलमलीतून गाळून घेतली.

डब्यात ४० नग, नवा कोरा दाणा भरपूर, सेरियम चार चमचे, पाणी बेताचं, साखर एक चमचा.

४ फेब्रुवारी

पाच दिवसांनी पाहिलं. बहुतेक नगांवर चमक येतेय, पण त्या चमकेत लांब, बारीक, सरळ ओरखडे. १४ नगांवर. सेरियमचे असे ओरखडे पडूच शकत नाहीत. कुठूनतरी भरड कण आलाय.

आधी आबांच्या डब्यावर संशय गेला आणि मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे परत दोन काचपट्ट्या आणल्या, परत चोळल्या. किरकिर नाही. मग झाकण हातात घेतलं, वायसर खोबणीतून उपसून काढला. त्याच्या खालच्या बाजूला रबरात रुतलेले कण, काळे, चकाकणारे. ६० नंबरचं कार्बोरंडम. तीन टप्पे धुतलं, पण वायसर कधी काढलाच नव्हता.

आबांची माफी मागितली.

५ फेब्रुवारी

१४ ओरखडेवाले नग आणि बाकीचे सगळे, ४० च्या ४०, परत ५०० वर. फक्त १४ टाकले असते तर डबा रिकामा राहिला असता आणि परत आपटाआपटी. नवा वायसर. झाकणाच्या आट्या पिनने साफ केल्या. या टप्प्यापासून पॉलिशसाठी वेगळं झाकण, वेगळा वायसर.

दुपारी ऊन जाणवायला लागलंय. आई गच्चीवर जाऊन कूलरवरचं प्लॅस्टिक झटकून आली.

१२ फेब्रुवारी

परत सेरियम. या वेळी नवी पावडर, काचेच्या दुकानातून. आबांच्या डब्यातली उरलेली पावडर मात्र जपून ठेवली.

१८ फेब्रुवारी

सहा दिवस. एक तुकडा काढून फडक्याने पुसला आणि ट्यूबलाइटखाली धरला. पट्टी सरळ, कडा स्पष्ट, तिच्या टोकाचं होल्डरही दिसतं. पांढरा वायरीचा तुकडा लोंबतोय तोही. मी जागेवरून हललोच नाही बराच वेळ.

बाकीचे अजून दोन-चार दिवस मागतील. घाई नाही.

२३ फेब्रुवारी

अकरा दिवसांनी सेरियम थांबवलं. शेवटचा टप्पा साबणाच्या पाण्याचा: अंगाच्या साबणाचे किसलेले दोन चमचे तुकडे, नवा दाणा, बारा तास. फटींत बसलेलं सेरियम निघून जातं, नाहीतर प्रत्येक खळग्यात गुलाबी रेषा राहते. दुपारी मोटर जास्तच तापली, टेबल पंखा पुरेना, तास-तास थांबवून चालवावी लागली.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आज सगळे ४० नग पितळी ताटात ओतले. एकूण ६३४ ग्रॅम.

३४ पूर्ण. आरसा आहेत. खिडकी, खिडकीचे गज, मागचा निंब, सगळं उलटसुलट वाकून त्यात दिसतं. धारेपाशी धरलं तर अजूनही धुरकट तपकिरी उजेड आत येतो, पहिल्या दिवशी आबांनी दाखवला तसा.

तीन जुने डागवाले. डाग बारीक उरलेत, चांदण्यांसारखे, काळ्याच्या आत.

तीन ठिपकेवाले जमले नाहीत. काळा भाग चमकतो, पांढऱ्या ठिपक्यांवर मंदपणा आहे, आणि बोट फिरवलं तर ठिपके जरा वर लागतात. क्रिस्टोबलाइट काचेपेक्षा कठीण, त्यामुळे आजूबाजूची काच जास्त झिजते आणि ठिपका उंच राहतो. दाण्याची मऊ गादी हे आणखी वाढवते, कारण ती खळग्यांतही पोचते.

आईने ताटातला एक उचलून देवघरात नेला.

२ मार्च

तीन ठिपकेवाल्यांचं काय करायचं यावर आबांचं उत्तर: गादी मऊ असेल तर उंचसखल वाढतं, कठीण ठेव. त्यांनी आतल्या खोलीतून लोखंडी वाटी आणली, जिच्यावर ते काच घासायचे, आणि नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, कडक झालेला तुकडा. नमदा वाटीत डांबराने चिकटवलेला, दाबला तरी दबत नाही. आधी ५०० नंबर काचेच्या सपाट पट्टीवर, हाताने, ठिपके आणि काच एका पातळीत येईपर्यंत. मग नमद्यावर त्यांचंच जुनं सेरियम.

मी एक केला. चाळीस मिनिटं लागली आणि अर्धवट झाला. आबांनी घेतला. नमदा सुकू द्यायचा नाही, पण पाणी वाहूही द्यायचं नाही, बोटाला तो किंचित धरतोय असं लागलं पाहिजे. धरायला लागला की काम होतंय. आठाच्या आकाराचे फेरे, दाब फक्त जाताना, येताना नाही. पंचवीस मिनिटांत ठिपका आणि काच दोन्ही एकसारखी चमकली. त्यांनी तुकडा माझ्याकडे न देता आधी स्वतः ट्यूबलाइटखाली धरून पाहिला.

दुसरा मी केला, त्यांच्यासमोर. तिसरा त्यांनी ठेवून घेतला, उद्या करतो म्हणाले.

९ मार्च

मोटर उतरवली. बेअरिंगला ग्रीस, पुली काढून चौकटीसोबत पोत्यात, '६०', '५००' आणि 'पॉलिश' लिहिलेल्या तीन पिशव्या वेगवेगळ्या डब्यांत. मोटर कूलरमध्ये बसवून पाती लावली, नवी वाळ्याची ताटी घातली, पाणी भरून चालवून पाहिली. स्वतःच्या वाऱ्यावर थंडगार चालतेय.

एक किलो ऑब्सिडियन अजून शिल्लक आहे, आणि पांझरेच्या गारगोट्याही, ज्या पहिल्या पाच दिवसांत गुळगुळीत झाल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यात दोन्हींचे डबे वेगळे.

आबांनी तिसरा दगड काल पूर्ण केला. भिंगाच्या जुन्या डबीत कापसावर ठेवलाय.